पॉलिश राहिलेली दाढ

दाढेतली कीड काढून खड्डा बुजवला की काम संपलं, असं पेशंटला वाटतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. ठणका थांबला, भोक भरलं, अजून काय पाहिजे? पण मला विचाराल तर तिथवर निम्मंच काम झालेलं असतं. भरलेलं सिमेंट कडेनं जरासं बाहेर आलेलं असतं, वर कुठंतरी उंचवटा राहिलेला असतो. मग निळा कागद दातांत धरायचा, पेशंटला चावायला सांगायचं आणि जिथं निळा ठिपका उठेल तिथं केसभर घासायचं. परत कागद, परत चावा. ते जमलं की कडा. आधी जरा खरखरीत चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि सगळ्यात शेवटी रबराची टोपी. एवढं होईपर्यंत मी कुणाला खुर्चीतून हलू देत नाही.

दवाखान्यात मदतीला असणाऱ्या बाई नव्या पेशंटला आधीच सांगून ठेवतात, की सर भरतात पटकन, पण घासत बसतात. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, हे मी कधी तपासलेलं नाही.

हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. वडील पलटणीत होते. सुट्टीवर कोरेगावकडच्या आमच्या गावी आले तरी सकाळी पडवीत बसून बूट चकचकीत करायचे, आणि तेच बूट घालून उसाला पाणी पाजायला जायचे. आई म्हणायची, चिखलातच तर चाललाय, कुणाला दाखवायचंय? वडील दुसरा बूट हातात घ्यायचे. मी सांगलीत शिकलो, सांगलीतच दवाखाना टाकला. खाली दवाखाना, वर घर. बुटांच्या जागी दाढा आल्या, एवढाच काय तो फरक.

तर आक्कांची दाढ. आक्का म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या एका जैन घरातल्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हळदीच्या व्यापारात, महिन्यातले निम्मे दिवस तमिळनाडूत. घरात आक्का आणि सून, दोघीच. सून आमच्या बाजूची, कऱ्हाडकडच्या मराठा शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजात असताना दोघांनी आपलं आपण जमवलेलं लग्न. ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा माझी बोली ऐकून तिनं विचारलं, तुमी साताऱ्याकडचं का? तेव्हापासून मी त्यांना वहिनी म्हणतो, आणि त्या माझ्याशी बोलताना सांगलीतलं सांभाळून बोलणं सोडून देतात.

भाद्रपदातली गणेश चतुर्थी होती. गणपती बसवून, आरती करून, मोदक हाणून मी आडवा झालो होतो. दवाखाना बंद, मदतीच्या बाई सणाला पलूसला गेलेल्या. संध्याकाळी पाचच्या पुढं वहिनींचा फोन आला. फुटाणे खाताना आक्कांच्या खालच्या डाव्या दाढेची जिभेकडची भिंत तुटली होती आणि जीभ कापत होती. उद्या या, म्हणालो. वहिनी म्हणाल्या, उद्या चालणार नाही, उद्यापासून आक्कांचं व्रत आहे. सणाच्या दिवशी दुपारच्या झोपेतून उठून शटर वर करताना माणूस जितका खुश असतो, तितका मी होतो.

खुर्चीत बसल्यावर व्रताचं आक्कांनीच सांगितलं. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस. दिवसातून एकदा बसायचं, त्याच बैठकीत जेवायचं, त्याच बैठकीत पाणी प्यायचं. उठलं की संपलं, दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात थेंब घालायचा नाही. असं दहा वर्षं करायचं आणि मग उद्यापन. त्यांची नऊ वर्षं झाली होती, हे दहावं. मधे मोडलं तर सगळं पहिल्यापासून. आणि मग त्यांनी, जणू भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, की पुन्हा पहिल्यापासून करण्याइतकं आयुष्य आता आपल्याकडं नाही.

मी कामाला लागलो. तुटलेली जागा साफ केली, दाताच्या रंगाचं सिमेंट थर देत देत भरलं, निळ्या दिव्यानं कडक केलं. कागद धरून चावा जुळवला. आता जिभेकडची कड तेवढी राहिली होती, आणि मी चकती लावत होतो, तेवढ्यात आक्कांनी माझा हात बाजूला केला. त्यांची नजर खिडकीकडं होती. दिवस मावळायला आला होता, आणि दिवस मावळल्यावर त्या खात नाहीत. उद्यापासून एकच वेळ, म्हणजे आजचं जेवण चुकवून चालणार नव्हतं. मी म्हणालो, आक्का, दहा मिनिटं. त्या म्हणाल्या, दहा मिनिटांत सूर्य थांबणार आहे का? गळ्याभोवती बांधलेला कागद त्यांनी स्वतःच काढला, चूळ भरली आणि चप्पल घालून निघाल्या. वहिनी मागं वळून बघत, ओशाळल्यागत त्यांच्या मागं गेल्या.

मी चिडलो होतो, ते लपवत नाही. अर्धवट काम तोंडात घेऊन पेशंट निघून गेला की मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणाली, दहा दिवसांनी येतीलच की, आकाश कोसळलंय का? मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, बरं, आणि टीव्ही लावला.

मग दोन दिवस आक्का माझ्या डोक्यातून गेल्या. तिसऱ्या दिवशी घरात गौरी आणायची गडबड चालली होती, आणि सकाळी आठला वहिनी दारात उभ्या. चेहरा उतरलेला. काय झालं विचारल्यावर त्या आधी नीट सांगायला लागल्या, आणि दोन वाक्यांत त्यांची बोली घसरली.

"आवं डॉक्टर, तिसरा दिस हाय. आक्कांच्या पोटात पाण्याचा थेंब न्हाई."

सगळं ऐकलं तेव्हा कळलं ते असं. व्रताच्या जेवणाला आणखी एक नियम असतो. जेवताना ताटात केस निघाला, किडा दिसला, रक्त दिसलं, तर तो अंतराय. तिथंच हात थांबवायचा आणि उठायचं. उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं, आणि पाणीही. पहिल्या दिवशी आक्का पाटावर बसल्या, दुसऱ्या घासाला जीभ त्या खरखरीत कडेला घासली, आधीची जखम उघडली आणि भातावर लाल ठिपका पडला. आक्का उठल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूनं चावायचा प्रयत्न केला. पण गिळताना जीभ हलणारच. पुन्हा रक्त, पुन्हा उठल्या. वहिनींनी डॉक्टरांना बोलवू का विचारलं, तर नको म्हणाल्या. आज पहाटे देवपूजेला उठल्या आणि भिंत धरून खाली बसल्या.

मला जे वाटलं ते मी बोललो, आणि ते फार चांगलं नव्हतं. सत्तरीच्या बाईला तीन दिवस पाणी नाही म्हणजे काय होतं, हे मी वहिनींना डॉक्टरच्या भाषेत सांगितलं, मग साध्या भाषेत सांगितलं. व्रत गेलं खड्ड्यात, असंही म्हणालो. वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, की हे सगळं त्यांना कळतं, आक्कांनाही कळतं, पण आक्का जीव सोडतील, व्रत नाही सोडणार. तेव्हा रागावण्यापेक्षा काहीतरी सुचवा.

वहिनींचं खरं होतं. मी विचार करायला लागलो. आक्का दवाखान्यात येणार नाहीत, कारण माझ्या मशीनचं पाणी तोंडात जाणार. पाण्याशिवाय, कोरड्या चकतीनं करता आलं असतं, पण जेवायच्या वेळेआधी बाहेरचं काहीही तोंडात गेलेलं त्यांना चालत नव्हतं. माझा एक जैन डॉक्टर मित्र आहे, त्याचा हात आक्कांना चालेल म्हणून त्याला फोन लावला, तर तो दवाखाना बंद करून तीर्थक्षेत्री व्रताला बसलेला. भावकीतल्या कुणा बाईच्या हातून होईल का, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, व्रतात ज्यांचा हात आक्कांना चालेल त्यांचं स्वतःचंच व्रत चालू आहे. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून आपलं व्रत उष्टं कोण करून घेईल? मुलगा चार दिवसांनी येणार होता. चार दिवस कुणाकडं होते?

शेवटी एकच वाट दिसली. आक्का जेवायला बसतात तेव्हाच, पाटावर बसल्यावर आणि पहिल्या घासाच्या आधी, कड घासून टाकायची. ते त्या बैठकीतलंच झालं. मशीन न्यायची नाही. पाणी त्यांच्याच घरचं, गाळून तापवलेलं. आमच्याकडं हातानं घासायच्या पट्ट्या असतात, बोटभर लांब, पातळ, एका अंगाला बारीक कच. दोन दातांच्या फटीत सरकवून घासायला वापरतात. त्यांचं न उघडलेलं पाकीट घेतलं, आरसा घेतला, डोक्याला बांधायचा दिवा घेतला, आणि माझा हात चालेल की नाही ते तिथं गेल्यावर बघू म्हणत वहिनींच्या मागं निघालो. निघताना बायकोनं विचारलं, गौरी घरात घेताना येणार का? मी म्हणालो, बघू.

आक्कांच्या घरी आधी मला न्हाणीत पाठवलं. अंघोळ केली, मुलाचं धुतलेलं धोतर नेसलो. धोतर मी आयुष्यात कधी नेसलेलो नाही, तेव्हा ते एका हातानं धरूनच बाहेर आलो. वहिनींना तशाही अवस्थेत हसू आलं. मग आम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. वहिनी उंबऱ्याशी थांबल्या. सवयीनं थांबल्या, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

ते आक्कांचं व्रताचं स्वयंपाकघर. आत आक्का पाटावर बसलेल्या. समोर मूगडाळ, भात, तूप, पाण्याचा तांब्या. सगळं त्यांनीच केलेलं. चक्कर येत असताना, खाली बसून. ओठ पांढरे पडले होते. मला बघून त्यांनी हात जोडले. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"डॉक्टर, मांस खाता?"

मी म्हणालो, श्रावणापासून शिवलेलो नाही. त्यांनी तसंच बघत पुन्हा विचारलं, कायमचं सोडलंय का?

हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि पाच मिनिटांत बाईच्या पोटात पाणी गेलं असतं. डॉक्टर म्हणून तेच बरोबर होतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण त्यांना फसवून त्यांच्या तोंडात हात घालायचा, हे मला जमेना. हिंमत झाली नाही म्हणा.

"नाही आक्का. खोटं कशाला बोलू? गणपती गेले की खाणार."

आक्कांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. खरं बोललात, म्हणाल्या, मग उंबऱ्याबाहेरच बसा. मी बसलो. धोतर सावरत, डोक्याला दिवा, हातात पट्ट्यांचं पाकीट. इतकं बिनकामाचं मला कधी वाटलं नव्हतं. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. ताटातला भात निवत होता. कोपऱ्यावरच्या मंडळाचा ताशा वाजायला लागला होता.

खरं सांगायचं तर तिथं एक माणूस होतं, ज्याचा हात चालण्यासारखा होता. वहिनींनी लग्न झाल्या दिवसापासून मांस सोडलं होतं. अट कुणी घातली नव्हती, त्यांनी आपणहून सोडलं. माहेरी जत्रेला गेल्या तरी दूध-भाकरी खाऊन येतात. पण व्रताच्या दहा दिवसांत त्या या खोलीत कधी गेल्या नव्हत्या. धान्य निवडून उंबऱ्यावर ठेवायचं, भांडी बाहेर घासायची, लागेल ते बाहेरून द्यायचं. आक्कांनी त्यांना ये म्हटलं नव्हतं, त्यांनी येऊ का विचारलं नव्हतं. एरवी दोघींचं बरं चाललेलं असायचं, भांडण म्हणून नव्हतं. हा एवढा उंबरा होता. मला हे माहीत होतं, कारण वहिनींनी एकदा दात दाखवायला आल्यावर सांगितलं होतं, आणि सांगताना हसल्या होत्या. आता मी सुचवावं असं माझ्या जिभेवर आलं. पण ते सुचवणारा मी कोण? वहिनी भिंतीला टेकून खाली बघत उभ्या होत्या.

मग आक्कांनी डोळे उघडले, आणि सुनेकडं न बघता, समोरच्या तांब्याकडं बघत म्हणाल्या,

"तू अंघोळ करून ये. वलणीवरचं माझं लुगडं नेस."

ते लुगडं उंच बांबूवर, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं वाळत घातलेलं असतं. मी बघत होतो. त्यांनी काठीनं ते खाली घेतलं. ओल्या केसांनी, सासूचं लुगडं नेसून त्या परत आल्या आणि पुन्हा उंबऱ्याशी थांबल्या.

"आत ये की," आक्का म्हणाल्या.

मग काम सुरू झालं, आणि एवढं वाईट काम मी आयुष्यात बघितलं नाही. मी बाहेरून दिव्याचा झोत आक्कांच्या तोंडात टाकला. वहिनींनी पट्टी तापवलेल्या पाण्यात बुडवून पुसली. जीभ आणि दाढेच्या मधे धुतलेल्या कापडाची घडी ठेवायला मी सांगितली, म्हणजे जखमेला धक्का लागणार नाही. ती घडी तीनदा निसटली. पट्टी बोटाला कशी गुंडाळायची ते मी माझ्या बोटाला गुंडाळून दाखवलं, कडेवर कशी तिरकी धरायची ते माझ्याच दाढेवर दाखवलं. अंघोळ करून, धोतर नेसून, तोंड वासून स्वतःची चांगली दाढ घासत बसलेला डॉक्टर कसा दिसत असेल, याचा विचार मी करत नाही.

वहिनींचा हात आधी हलकाच पडत होता. भीत होत्या. मी म्हणालो, जरा जोर लावा, सिमेंट आहे, तूप नाही. मग जास्त जोर लागला आणि पट्टी भलतीकडंच घासायला लागली. माझे हात शिवशिवत होते. त्या कामाला मला चकतीचे दोन फेरे लागले असते. मी ओरडलोही बहुतेक, कारण आक्कांनी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडं डोळे वटारले. मग मी आवाज खाली आणला. आता थांबा. कापड काढा. आक्का, जीभ फिरवून बघा. आक्कांनी फिरवली आणि बोटानं दाखवलं, अजून मागं. पुन्हा कापड, पुन्हा पट्टी. एक पट्टी झिजली, दुसरी घेतली. वहिनींच्या केसांचं पाणी मानेवरून लुगड्यात मुरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

किती वेळ गेला मी बघितलं नाही. शेवटी आक्कांनी जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मान हलवली. लागत नव्हतं. वहिनींनी पाणी दिलं, आक्कांनी चूळ भरून भांड्यात टाकली. आम्ही तिघांनी त्या भांड्यात बघितलं. पाणी पांढरट होतं, सिमेंटच्या भुकटीचं. लाल नव्हतं.

आक्कांनी हात जोडून णमोकार मंत्र म्हटला आणि पहिला घास घेतला. भात, डाळ, भरपूर तूप. उजवीकडून सावकाश चावला. गिळला. बोट जिभेला लावून बघितलं. दुसरा घास घेतला, पहिल्या दिवशी ज्या घासाला उठल्या होत्या तो. तोही गेला. तिसरा गेला. वहिनी आणि मी बाहुल्यांसारखे बघत होतो. मग आक्कांनी तांब्या उचलला आणि पाणी प्यायल्या. घोट घोट, मधे थांबून, पुन्हा. पाणी घशाखाली जाताना दिसत होतं. माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

काम झालं म्हणून वहिनी उठल्या आणि मागं सरत दाराकडं यायला लागल्या. आक्कांचं ताट रिकामं होत आलं होतं. भाताचं पातेलं त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी ते सुनेच्या दिशेला सरकवलं.

"वाढ," म्हणाल्या.

वहिनी वाकल्या आणि त्यांनी भात वाढला. मी तेवढ्यात उठलो. तिथं माझं काही काम राहिलं नव्हतं.

बाकीचे दिवस नीट पार पडले, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. चतुर्दशी झाली, पारणं झालं, उद्यापन झालं, घरी लाडू आले. गणपती गेल्यावर आमच्याकडं मटण शिजलं आणि मी ते खाल्लं. पण त्या दाढेचं माझ्या डोक्यातून जाईना. व्रत सुटलं की पाठवा, असं मी वहिनींना दोनदा कळवलं. हाताच्या पट्टीनं, उंबऱ्याबाहेरून सांगून केलेलं काम, माझ्या नावावर कुणाच्या तोंडात फिरत होतं.

दिवाळीच्या तोंडावर आक्का आल्या. वहिनी सोबत होत्या, बाहेर बाकावर बसल्या. मी आक्कांना खुर्चीत घेतलं, दिवा लावला, आरसा घातला. कडेची धार गेली होती, जिभेची जखम कधीच भरली होती, दाढ दुखत नव्हती. पण दिसायला भयंकर. सगळीकडं पट्टीचे ओरखडे, एका जागी खोलगट, एका जागी फुगवटा, आणि त्या ओरखड्यांत हळद बसून पिवळं झालेलं. बोट फिरवलं तर अजून खरखरीत लागत होतं. मला ते बघवेना. मी म्हणालो, आक्का, एवढं घासून देतो. आधी चकती, मग रबर. पाच मिनिटांत आरशासारखं करतो. आज काही सूर्य मावळत नाही.

आक्का हसल्या. मी चकती लावली, मशीन सुरू केली आणि त्यांच्या तोंडाकडं नेली. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं पाण्याचं काही असेल. मी मशीन बंद केली आणि म्हणालो, व्रत तर संपलं ना आता?

व्रत संपलं, म्हणाल्या. मग दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं, आणि बाकावरच्या वहिनींना ऐकू जाईल इतक्या आवाजात त्या बोलल्या.

"इतकी वर्षं व्रतात हिच्या हातचं पाणी घेतलं नाही मी. आता जीभ फिरली की तिथं तिचा हात लागतो. तुम्ही गुळगुळीत केलंत तर मला कळायचंच नाही. राहू द्या."